रावेर, रविवार, सकाळी ८:२९

मे महिन्याचा तिसरा आठवडा. रविवारी सकाळी ८:२९ वाजता रावेरमधल्या एका घरात ओव्हनचा प्लग उपटून काढण्यात आला. तोवर स्वयंपाकघरात धूर झाला होता. ओव्हनच्या वरच्या रॉडला पीठ चिकटून जळत होतं, खालच्या रॉडवर गूळ ठिबकत होता आणि १९ जणांच्या नाश्त्याची वेळ झाली होती. कुणालाही इजा झाली नाही. पाव मात्र वाचला नाही.

पुढचा घटनाक्रम घरातल्यांच्या सांगण्यावरून जुळवला आहे. मुलांची नावं दिलेली नाहीत, फक्त वयं दिली आहेत. त्यांना या प्रकरणात आधीच पुरेशी बोलणी बसली आहेत.

शनिवार, दुपारी ४:१०

आत्या सुट्टीसाठी पुण्याहून माहेरी आलेली. घरात चार मुलं: भावाची ११ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा, ५ वर्षांची धाकटी, आणि आत्याचा स्वतःचा ९ वर्षांचा. बाहेर ऊन असं की सहा वाजेपर्यंत खेळायला उंबरठा ओलांडायचा नाही, हा घरचा नियम. जळगाव जिल्ह्यात या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि त्याची बातमीही होत नाही. कॅरमची सोंगटी हरवली होती. पत्त्यांवरून भांडण होऊन गेलं होतं.

आत्याने मोबाइलवर एक कृती काढली. मंकी ब्रेड. गोड पिठाचे लिंबाएवढे गोळे करायचे, वितळलेल्या बटरमध्ये बुडवायचे, साखर-दालचिनीत घोळवायचे, खोल भांड्यात एकावर एक रचायचे, फुगू द्यायचे आणि भाजायचे. भांडं ताटात उपडं केलं की प्रत्येकाने आपापला गोळा हाताने तोडून घ्यायचा. सुरी लागत नाही. हंगेरीत याला अरानीगालुश्का म्हणतात. तिथून गेलेल्या ज्यू कुटुंबांबरोबर तो अमेरिकेत पोहोचला आणि १९८०च्या दशकात नॅन्सी रेगन यांनी नाताळात तो व्हाइट हाउसच्या टेबलावर नेला. रावेरच्या मुलांना तो समजायला अडचण आली नाही. लादीपाव ती रोज तोडतात. हा गोड लादीपाव, आणि पीठ आपण मळायचं, एवढं पुरेसं होतं.

ठरलं: संध्याकाळी पीठ, रात्री फ्रिज, सकाळी ओव्हन, साडेआठला नाश्ता.

४:२५

अकरा वर्षांच्या मुलीने कृती वहीत उतरवून घेतली. मैदा ५०० ग्रॅम. कोमट दूध २४० मिली. साखर ६० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, मीठ एक चमचा. कोरडं यीस्ट ७ ग्रॅम. वरून घोळवायला बटर १२० ग्रॅम, ब्राऊन शुगर २०० ग्रॅम (घरात गूळ पावडर होती, ती चालेल), दालचिनी दोन चमचे. 'उबदार जागी दीड तास झाकून ठेवा.'

ही कृती लिहिणारीचं स्वयंपाकघर बहुधा २२ ते २४ अंशांचं असतं. तिथे उबदार जागा शोधावी लागते. तसं कृतीत कुठे लिहिलेलं नसतं.

फ्रिजच्या डोक्यावर एक डिजिटल तापमापक पडलेला होता. मुलांच्या वडिलांचं केळी पिकवण्याचं रायपनिंग चेंबर आहे. तिथला जुना तापमापक घरी आणून ठेवलेला. त्यावर आकडा होता ४०.

४:५५

वडील मोटारसायकल काढत होते. आठ वर्षांचा मुलगा यीस्ट आणायला मागे बसला. बेकरीसमोर वडिलांना फोन आला आणि ते गाडीवरच थांबले. मुलगा एकटा आत गेला.

बेकरीवाल्याने पुडी दिली आणि विचारलं, घरी करताय का. मग म्हणाला, "उन्हाळा आहे. यीस्ट निम्मं टाकायला सांग, अन् दूध फ्रिजमधलं थंडगार घ्या म्हणावं. आम्ही बर्फ टाकतो पिठात." आणखी म्हणाला, "नाहीतर पीठ इथंच घेऊन या, भट्टीत भाजून देतो."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मळताना पीठ तापू नये म्हणून बेकरीवाले उन्हाळ्यात बर्फाचं पाणी वापरतात. मळून झालेलं पीठ २५-२६ अंशांच्या आसपास राहावं, असा त्यांचा प्रयत्न असतो. आणि घरचं पीठ भट्टीवर नेऊन भाजून आणणं यात नवीन काही नाही. सुट्टीत रवा-मैदा, तूप, पिठीसाखर यांचे डबे घेऊन बेकरीत बसायचं आणि नानकटाईचे पत्र्याचे डबे भरून घरी यायचं, हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुलांनी केलेलं आहे.

बेकरीवाल्याने मुलाच्या हातावर एक खारी ठेवली.

५:१५

पुडी घरी पोहोचली. निरोप पोहोचला नाही. तो पोहोचला रविवारी सकाळी ९:५०ला, पोहे खाताना.

५:३५

दूध गॅसवर कोमट केलं. अकरा वर्षांच्या मुलीने बोट बुडवून पाहिलं आणि चालेल म्हणाली.

यीस्ट कुणी घालायचं यावर वाद झाला. नऊ वर्षांच्या मुलाने मोजून ७ ग्रॅम घातलं. तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. पुण्याहून होता. स्वयंपाकघरात रेंज मिळत नाही म्हणून ती ओसरीवर गेली. आठ वर्षांच्या मुलाचं म्हणणं होतं की पुडी आणली त्याने, तर घालायला त्यालाही मिळायला हवं. त्यानेही मोजून ७ ग्रॅम घातलं. दोघांचं समाधान झालं.

एकूण १४ ग्रॅम. अकरा वर्षांच्या मुलीने हे पाहिलं. तिचं नंतरचं म्हणणं: "मला वाटलं, दोघांचं मिळून तसंच असतं."

मुलांबरोबर स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब ठाऊक असतो. प्रत्येक पाळी दोनदा होते. फोन नसता तर ती आत्याच्या नजरेसमोर झाली असती, एवढाच फरक.

५:४५

मळणं. मैदा चौघांच्या कोपरांपर्यंत.

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या पातेल्यात कुरडयांचे गहू भिजत होते. दुसरा दिवस. आजी पाणी बदलत होती. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलावं लागतं. या दिवसांत एक दिवस जरी चुकला तरी गहू वास मारतो आणि चीक आंबट येतो. आजी तसं सुनेला सांगतही होती. तिचं वाक्य मैद्याच्या पातेल्यापासून चार फुटांवर बोललं गेलं.

६:००

पीठ गोळा करून स्टीलच्या पातेल्यात घातलं, वर ताटली ठेवली. आता उबदार जागा हवी होती. ती शोधायचं काम पाच वर्षांच्या धाकटीला मिळालं, कारण तिला अजून काहीच काम मिळालं नव्हतं.

तिने घरभर फिरून भिंतींना, फरश्यांना तळहात लावून पाहिले. शेवटी पश्चिमेच्या खिडकीतला कडप्पा निवडला. तिथे हात ठेवून तिने पटकन मागे घेतला. निवड अचूक होती. घरातली ती सर्वांत तापलेली जागा होती आणि सूर्य मावळायला अजून तास होता.

फ्रिजवरचा तापमापक ३९ दाखवत होता. कडप्प्याचं तापमान कुणी घेतलं नाही.

आजी पाहून म्हणाली, "आंबट होईन वं ते."

आत्या म्हणाली, "आई, त्यात दीड तास लिहिलंय."

मोबाइलवर ७:३०चा गजर लावण्यात आला. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल इथे लागला. नंतरचे १४ तास २९ मिनिटं ही निव्वळ अंमलबजावणी होती.

६:२५

ताटली हलली. खोलीत कुणी नव्हतं. ती सरकलेली होती, हे नंतर कळलं.

यीस्ट ही बुरशीच्या कुळातली एकपेशीय जात. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडते. वायूने पीठ फुगतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, तिशीच्या पुढे काही अंशांपर्यंत. ५५-६०च्या पुढे ती मरते. त्या दोन टोकांमध्ये तिला कृती, वही, गजर यांच्याशी काही देणंघेणं नसतं. चोवीस अंशांवर दीड तासाचं काम इथे, दुप्पट मात्रेत, पाऊण तासाच्या आत उरकणार होतं. गजराला एक तास पाच मिनिटं बाकी होती.

६:४०

ऊन कललं. गल्ली बाहेर आली. चारही मुलं बाहेर पडली आणि उद्या आपल्याकडे तोडून खायचा पाव आहे, ही बातमी तीन ओट्यांवर सांगून आली. आमंत्रितांची संख्या: ९. मोठ्यांना याची कल्पना देण्यात आली नाही.

७:०५

वडील परत आले. खिडकीशी उभं राहून फोनवर चेंबरच्या माणसाशी बोलत होते. आवाज चढलेला होता. चेंबरमध्ये तापमान १९ झालं होतं.

हे समजून घ्यायला हवं. रावेर हे केळीचं गाव आहे; रावेर आणि सावदा स्टेशनांवरून केळी दिल्लीकडे रवाना होते, २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. केळी चेंबरला लावली की १६ ते १८ अंशांत ठेवतात, इथिलीन देतात, चार-पाच दिवसांत ती पिवळी होते. तापमान वर गेलं तर आतला गर आधी मऊ पडतो आणि साल हिरवीच राहते. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. तो माल कुणी घेत नाही. म्हणून वडील एका अंशासाठी चिडले होते. "माल वाट पाहतो का?" असं ते म्हणाले.

हे बोलताना त्यांचा डावा कोपर पातेल्याला टेकलेला होता.

७:३०

गजर वाजला. ताटली पातेल्याच्या शेजारी पडलेली होती. पीठ काठावरून उतरून कडप्प्यावर आलं होतं. वास आंबूस, ताडीच्या जवळचा. आत्याने तो ओळखला; यीस्टचा असाच असतो, असं तिने मुलांना सांगितलं. ते खरंही आहे. इतका नसतो.

मुलांना पिठावर बुक्के मारायला सांगण्यात आलं. संपूर्ण घटनाक्रमातला हा सर्वांत आनंदाचा भाग होता आणि तो चार मिनिटं चालला.

७:५५

मधोमध नळी असलेलं गोल भांडं कृतीत सांगितलं होतं. ते घरात नव्हतं. निघत्या तळाचा केकचा टिन होता, २० सेंटिमीटरचा. कृतीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'निघत्या तळाचं भांडं वापरू नये' अशी सूचना होती. ती वहीत उतरली नव्हती, कारण पान संपलं होतं.

गोळे ५२ झाले. भांडं निम्मं भरायचं होतं. ३० गोळ्यांतच ते निम्म्याच्या वर गेलं. उरलेल्यांचा दुसरा छोटा पाव करावा, असं आत्याने सुचवलं. मुलांनी मतदान केलं. एकच मोठा, चार विरुद्ध शून्य. आत्याने मत दिलं नाही.

वडिलांनी चेंबरची चार पिकलेली केळी आणून दिली. रावेरमध्ये केळी नसलेला गोड पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवायचा नाही, असं ते अर्ध्या गमतीत म्हणाले. केळ्यांच्या चकत्या थरांमध्ये गेल्या. केळ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं.

बटर गोळ्यांवर घट्ट होऊन बसणं अपेक्षित असतं. ते ३२ ते ३५ अंशांत वितळतं. तापमापक ३७ दाखवत होता. मे महिन्यात इथे तुपाच्या बरणीतही चमचा उभा राहत नाही. बटर, गूळ आणि केळ्याचं पाणी यांचा पाक होऊन तळाशी गेला.

८:३५

ओट्यावर, टिनच्या खाली, रुपयाएवढा तपकिरी चिकट थेंब. पाच वर्षांच्या धाकटीला तो दिसला. तिने तो बोटाने पुसून चाटला.

दुसरा कुठलाही पुरावा नव्हता.

९:१५

फ्रिजमध्ये जागा करणं. दह्याचा सट, पन्ह्याची बाटली, पाण्याच्या सहा बाटल्या, आमरसाचं पातेलं. आमरस खाली सरकवला. टिन मधल्या फळीवर बसला. वरच्या फळीपर्यंत अंतर सहा सेंटिमीटर. क्लिंग फिल्म लावली.

चार अंशांत यीस्ट जवळजवळ थांबतं. पण दीड किलोचा कोमट गोळा चार अंशांवर यायला तास लागतात, आणि बाहेरून आत येतं ते गारपण. मधला भाग काम करत राहतो.

१०:३०

गच्ची. खान्देशात उन्हाळ्यात घर खाली राहतं आणि माणसं वर झोपतात. संध्याकाळी फरशीवर पाणी मारलेलं, गाद्या, मच्छरदाणी, तांब्या. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ. भुसावळ-खंडवा मार्गावरून मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत मुलं डबे मोजत होती.

आत्याने सकाळचं वेळापत्रक सांगितलं. सव्वासहाला बाहेर काढायचा, आठच्या सुमारास ओव्हन, साडेआठला खायचा. ११ वाजता सगळे झोपले.

पावाच्या आपत्तींमध्ये आदल्या रात्रीची झोप शांतच असते. २ सप्टेंबर १६६६ला, मध्यरात्र उलटल्यावर, लंडनच्या पुडिंग लेनमधल्या टॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली. चार दिवसांत १३,०००हून अधिक घरं गेली. झोपण्यापूर्वी आपण विस्तव पाहून घेतला होता, असं फॅरिनर शेवटपर्यंत सांगत राहिला. तोही रविवारच होता.

११:४०

वीज गेली. गच्चीवर कुणाला कळलं नाही.

रविवार, रात्री १२:२० ते २:०५

या काळात फ्रिज तीनदा उघडला गेला. १२:२०ला वडिलांनी पाणी घेतलं. आत दिवा लागला नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना आधी चेंबरची आठवण झाली, चेंबरला जनरेटर आहे म्हणून ते निश्चिंत झाले आणि वर गेले. १:१०ला आजी. तिने पाणी घेताना गव्हाच्या पातेल्यावरचं झाकणही सरकवून पाहिलं, ठीक होतं.

२:०५ला नऊ वर्षांचा मुलगा मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली आला. त्याने पाणी घेतलं आणि टिनवर उजेड टाकला. फिल्म वर आलेली दिसली. "थोडा मोठा वाटला," असं त्याने सांगितलं. उठवून सांगण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. पाव मोठा व्हायलाच ठेवला होता.

३:५०

वीज आली. फ्रिज चार तास दहा मिनिटं बंद होता.

५:२०

तांबडं फुटताना धाकटी खाली आली. एकटी. पिठाने वरची फळी गाठली होती आणि फळीच्या जाळीतून फिल्मसकट वर यायला लागलं होतं. ती ओरडत गच्चीवर गेली: पाव मोठ्ठा झाला.

तिचं कौतुक करण्यात आलं.

६:१५

टिन बाहेर काढताना फळीही बरोबर आली. वडील आणि आत्या यांनी मिळून ती सोडवली. फिल्म फाटली, पीठ एक उसासा टाकून बोटभर बसलं, आणि मग पुन्हा हळूहळू वर आलं.

कृतीत एक चाचणी होती. बोटाने दाबा, खळगा सावकाश भरून आला तर पीठ तयार, लगेच भरला तर वेळ आहे, भरलाच नाही तर वेळ टळून गेली. चार मुलांनी चार खळगे केले. एकही भरून आला नाही. अकरा वर्षांच्या मुलीने वही पाहिली. तिसरं वाक्य पानाच्या खाली गेलं होतं, निघत्या तळाच्या सूचनेबरोबर. उरलेल्या दोन वाक्यांवरून पीठ तयार असल्याचा निष्कर्ष निघाला.

याच मिनिटाला ओव्हन लावला असता, तर मिळाला असता तो बुटका, आंबूस, पण खाण्याजोगा पाव. पण वहीत होतं: 'फ्रिजमधून काढल्यावर एक तास खोलीच्या तापमानाला ठेवा.' खोलीचं तापमान ३१ होतं. आठपर्यंत तसाच ठेवला.

६:५०

आजीने पोह्यांचा डबा खाली काढला. "पोहे भिजवू का वं?"

"नको आई. आज पाव आहे."

आजीने डबा परत ठेवला नाही. ओट्यावरच राहू दिला.

७:३०

गल्लीतली मुलं यायला लागली. बोलावलेली ९, आलेली ११; दोघांची धाकटी भावंडं होती. घरचे ८. मोठ्यांना आमंत्रणाची बातमी या वेळी कळली. वहिनीने जास्तीच्या ताटल्या काढल्या. आत्याने मनात भागाकार केला: ५२ गोळे, १९ माणसं, प्रत्येकी अडीचहून जास्त. पुरत होतं.

७:५०

ओव्हन माळ्यावरून उतरवला, पुसला, १८० अंशांवर तापत ठेवला. मधल्या खाचेत टिन बसेना. पीठ आता काठाच्या चार सेंटिमीटर वर होतं. खालच्या खाचेत बसवायचा तर पत्र्याचा ट्रे काढावा लागत होता. ट्रे काढला.

ट्रेचं काम ठिबकलेलं झेलायचं असतं.

८:१२

टिन आत गेला. पिठाच्या माथ्यापासून वरच्या रॉडपर्यंत तीन बोटं अंतर होतं.

८:१६

दालचिनी आणि गुळाचा वास ओसरीपर्यंत गेला. मुलं रांगेत बसली. ओव्हनमधल्या पहिल्या दहा मिनिटांत यीस्ट मरण्याआधी शेवटचा जोर करतं आणि आधीचा वायूही तापून प्रसरण पावतो. पाव सर्वांत वेगाने वाढतो तो याच वेळी.

८:२१

अकरा वर्षांची मुलगी काचेतून पाहत होती. "आत्या, वर टेकतोय."

"दार उघडायचं नाही. बसतो मग."

केकच्या बाबतीत हे बरोबर आहे.

८:२४

टेकला.

८:२६

टिनच्या तळाच्या फटीतून पहिला थेंब खालच्या रॉडवर. मग दुसरा. मग धार.

८:२८

साखर १६०-१७० अंशांच्या आसपास कॅरमल होते आणि त्यापुढे करपते. तापलेला रॉड त्याच्या कितीतरी वर असतो. काच आतून तपकिरी झाली. काळा धूर दाराच्या फटीतून आला, ओट्यावरून वर गेला, छताशी पसरला.

८:२९

आत्याने प्लग उपटला. दार उघडलं नाही. हा तिचा निर्णय योग्य होता. दार उघडलं असतं तर आतल्या जळत्या बटरला हवा मिळाली असती. वडिलांनी खिडक्या उघडल्या. पश्चिमेची आधी.

८:४०

दार उघडलं. माथ्याचा बोटभर थर कोळसा. कडेचे गोळे खरपूस. मध्यभाग बसलेला, ओला, चकचकीत. केळ्यांच्या चकत्या त्यात बुडालेल्या. टिन ताटात उपडा केल्यावर तळ आधी निघाला आणि मागून मधलं पीठ आलं.

खाण्याजोगे गोळे: १६. माणसं: १९. मोठ्या चौघांनी घेतला नाही. गल्लीतल्या ११ पैकी नऊ जणांनी चव चांगली असल्याचं सांगितलं. एकाने खारी आहे का विचारलं.

८:५०

आजी पोहे भिजवायला बसली होती. कांदे कमी पडले. आठ वर्षांच्या मुलाला दुकानात पाठवण्यात आलं आणि निरोप त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेण्यात आला.

९:३५ला सगळे पोहे खायला बसले.

१०:२०

मधलं कच्चं पीठ गल्लीतल्या कुत्र्याला घालावं, असं अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात होतं. आत्याने अडवलं. कच्चं यीस्टचं पीठ कुत्र्याच्या पोटात, त्या उबेत, फुगत राहतं आणि अल्कोहोलही सोडतं. कुत्रं त्याने दगावू शकतं. पीठ परसातल्या प्लास्टिकच्या बादलीत टाकलं, वर पितळी ताटली ठेवली. सतरा मिनिटांच्या भाजण्यात मधल्या भागातलं यीस्ट मेलेलं नव्हतं. परसात ऊन आलं होतं.

११:१०

बादलीवरची ताटली तिरकी झालेली वहिनीला दिसली. तिने आजीला हाक मारली. आजीने ताटली दाबून सरळ केली आणि तिच्यावर वरवंटा आणून ठेवला.